काठावर थांबायला शिकवणारे रोहिदासकाका

रोहिदासकाका मूळचे पुनावळ्याचे, आणि पुनावळं खरोखर गाव होतं तेव्हाचे. आता त्यांच्या घराण्याच्या शेतावर उंच इमारती उभ्या आहेत आणि पवनेवर जलपर्णीचा हिरवा थर असतो. त्यांच्या लहानपणी मात्र ती पोहायची नदी होती. पोरांच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना पाण्यात सोडायचे. पोरगं जरा हातपाय मारायला लागलं की कुणीतरी मोठं माणूस हळूच तो भोपळा सोडून घ्यायचं. काकांचा भोपळा त्यांच्या चुलत्यानं सोडला. काका थोडं पाणी प्याले, चुलत्याला शिव्या दिल्या आणि पोहायला लागले.

या पोहण्यावरच आपल्याला अग्निशमन दलात नोकरी लागली, असं ते सांगायचे. आगीशी झुंजणारी माणसं त्यांच्या तुकडीत पुष्कळ होती, खोल पाण्यात बुडी मारणारी कमी. त्यामुळे नदीत, विहिरीत, खाणीत कुणी बुडाल्याचा फोन आला की गाडीत काका असायचेच. जिवंत माणूस हाताला लागणं क्वचितच. लोकांनी आधी आपसात धडपड केलेली असायची, मग कुणाला तरी फोन करायचं सुचायचं, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असायचं. काका तळाशी चाचपडत जायचे, कधी दोरीला गळ लावून पाणी ढवळायचे आणि सापडेल ते काठावर आणून ठेवायचे. घरी आले की अंगणातल्या नळावर अंघोळ करूनच आत पाऊल टाकायचे. त्यांच्या पत्नी अंबूबाई काही न विचारता चहा ठेवायच्या. चहा तसाच गार होऊ देऊन ते ओट्यावर बसून राहिले, की आज लहान मूल होतं हे अंबूबाईंना कळायचं.

नोकरीच्या शेवटच्या काळात त्यांनी चाकणच्या बाजूच्या एका खाणीतून दोन बहिणी बाहेर काढल्या. कंपनीत कामाला आलेल्या कुटुंबातल्या मुली. आईबरोबर गोधड्या धुवायला आल्या होत्या. आई धुतलेली गोधडी वर खडकावर वाळत घालायला गेली, तेवढ्यात धाकटीचा पाय घसरला आणि थोरलीनं तिला हात दिला. पाण्याखाली काकांच्या हाताला एक मुलगी लागली. ती वर ओढली तर तिच्यामागून दुसरी आली. थोरलीनं धाकटीचं मनगट सोडलं नव्हतं.

त्या दिवसानंतर ते आपण आजवर काढलेली माणसं आठवायला लागले. किती ठिकाणी एकाच्या जागी दोन होती, एकदा तर बाप आणि दोन मुलगे होते. एक पडतं, दुसरं हात द्यायला जातं आणि पहिलं त्याला घेऊन जातं. घाबरलेलं माणूस हाताला लागेल त्याच्यावर चढतं, मग तो भाऊ असो की आई. पोरांना हे कुणी सांगतच नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं. निवृत्त झाले आणि महिनाभर घरात बसून कंटाळल्यावर त्यांनी आसपासच्या प्राथमिक शाळांच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. आमची शाळा त्यांतली एक.

मी चिखलीतल्या शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातली बहुतेक मुलं परभणी, नांदेड, धाराशिवकडची. वडील शिफ्टमध्ये, आई पॅकिंगला नाहीतर धुण्याभांड्याला. त्यांच्या गावांकडे प्यायलाच पाणी टँकरनं यायचं, तिथं पोहणार कुठं? आणि इथं त्यांच्या वस्तीच्या मागे बंद पडलेली दगडखाण. पावसाळ्यात ती तुडुंब भरते आणि उन्हाळा लागेपर्यंत भरलेली राहते. वरून बघितलं तर निवांत तळ्यासारखी दिसते. कडेला दोन पावलं टाकली की तिसऱ्या पावलाला जमीन नसते.

काकांचा पहिला तास फसला. फळ्यापुढे उभं राहून त्यांनी बुडालेलं माणूस कसं दिसतं ते सांगायला सुरुवात केली. पोट कसं होतं, ओठ कसे होतात. पुढच्या बाकावरची दोन मुलं रडायला लागली, एकीनं दप्तरात तोंड घातलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं, की या गृहस्थांना पुन्हा बोलवू नका. मी काकांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"पोरांना भ्या दावायचं न्हवतं मला," ते म्हणाले. "पर मला दुसरं काय येतंय बाई? मी जे बगितलं तेच सांगणार."

मी म्हटलं, तुम्ही बघितलेलं सांगू नका, तुम्ही काय केलं असतं ते करून दाखवा. हे त्यांना पटलं की नाही मला तेव्हा कळलं नाही. पण काही दिवसांनी ते पुन्हा आले ते एक जुनी दोरी, तेलाचा रिकामा कॅन आणि अंबूबाईंची विटकी साडी घेऊन. मुख्याध्यापकांची समजूत मी घातली. मैदानावर काकांनी चुन्याच्या फक्कीनं नदी काढली आणि एका मुलाला नदीत पाठवून बुडायला सांगितलं. वर्ग हसायला लागला. मग त्यांनी एकेकाला काठावर पोटावर झोपवलं. उभं राहून ओढायला गेलं तर तोलच जातो, म्हणून झोपायचं. हात द्यायचा नाही, वस्तू द्यायची. साडी, ओढणी, काठी, बॅट, हाताला येईल ते. लांब असेल तर कॅन फेकायचा, झाकण घट्ट लावून. आणि या सगळ्याच्या आधी ओरडायचं. पाण्यात उतरायचं नाही, काही झालं तरी नाही.

मुलांना तो खेळ फार आवडला. कॅन कुणाचा लांब जातो यावर पैजा लागायला लागल्या. काका दर पंधरवड्याला यायचे, आमच्याकडून ते दुसऱ्या शाळांतही जायला लागले. बोलण्यात गावचा हेल तसाच होता आणि मुलं त्यांची नक्कल करायची. ते हसून घ्यायचे.

माझ्या वर्गात तनुजा नावाची मुलगी होती. शांत, जरा प्रौढ वाटणारी. वडील गणराज चाकणला पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये होते, आई दिपाली एका कंपनीत पॅकिंगला. पहिलीतल्या धाकट्या भावाला, ओंकारला, तीच शाळेत आणायची, तीच न्यायची, मधल्या सुट्टीत त्याचा डबा उघडून द्यायची. एकदा मैदानावरचा खेळ संपल्यावर सगळी मुलं पाणी प्यायला पळाली आणि ही मागे राहिली. तिनं काकांना विचारलं, आपला भाऊ असला तरी पाण्यात जायचं नाही का?

काका खाली बसून दोरी गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "भाऊ असला तरी न्हाई."

गणपती नुकतेच गेले होते. रविवार होता. दिपालीला ओव्हरटाइम लागला होता, गणराज रात्रपाळी करून घरात झोपला होता. वस्तीतली मुलं खाणीकडे खेळायला गेली, त्यांच्यामागून ओंकार गेला आणि त्याला परत आणायला तनुजा गेली. ती पोचली तेव्हा इतर मुलं पलीकडच्या मोकळ्या जागेत पांगली होती. ओंकारची एक चप्पल पाण्यात पडली होती आणि तो ती काडीनं जवळ ओढायचा प्रयत्न करत होता. तिनं हाक मारली. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि तेवढ्यात त्याच्या पायाखालचा मुरूम सरकला.

पुढचं तिनं सांगितलं तसं, आणि खाणीजवळच्या फॅब्रिकेशनच्या शेडमधल्या माणसांनी सांगितलं तसं मी सांगते आहे. ती ओरडली. पोटावर झोपली. गळ्यातली ओढणी काढून फेकली. ओढणी पोचली नाही. तिनं ती ओढून घेतली, पुन्हा फेकली. आता ती भिजून जड झाली होती, जरा पुढे गेली, पण ओंकारचे हात वर-खाली होत होते आणि त्याला ती दिसतच नव्हती. काठावर कुणीतरी टाकलेली पाण्याची मोठी बाटली होती. झाकण नव्हतं. तिनं ती तशीच फेकली. ती त्याच्याजवळ पडली, त्याचा हात तिला लागला आणि निसटला. मग ती शेडकडे पळाली. वेल्डिंगच्या आवाजात तिची हाक कुणाला ऐकू गेली नव्हती. दोन माणसं हातातलं टाकून धावली, त्यांतल्या एकाला पोहता येत होतं. त्यानं उडी टाकली, पुन्हा पुन्हा बुड्या मारल्या. तोवर पाणी निवांत झालं होतं.

संध्याकाळी अग्निशमन दलानं ओंकारला काढलं. काका तिथं नव्हते. त्यांना दुसऱ्या दिवशी माझ्याकडून कळलं. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, "आन् पोरगी?"

पोरगी होती. पण तिच्यावर जे आलं ते, रविवारी निरोप मिळताच मी खाणीवर गेले होते म्हणून, जवळून बघितलं. दिपाली कंपनीतून धावत आली तेव्हा तनुजा कोरडी होती. फक्त ड्रेसचं पोट आणि कोपर चिखलानं भरलेले. भाऊ पाण्यात गेलेला आणि बहीण कोरडी, हे त्या बाईला सोसवलं नाही.

"तू काठावर थांबलीस?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "लेकराला हात कामून दिला नाहीस गं?"

तनुजानं उत्तर दिलं, की उतरायचं नसतं. शाळेत शिकवल्याप्रमाणे, धडा म्हणून दाखवावा तसं. त्यावर तिथं जमलेल्या बायकांत जो गलका झाला तो मला अजून ऐकू येतो. दुसऱ्या दिवशी गावाकडून आलेली मुलांची आजी, सावित्रीबाई, म्हणाली की आमच्याकडं बहिणी भावासाठी जीव देतात. वस्तीत बोललं जाऊ लागलं, की ही पोरगी उभी राहून बघत होती. काही दिवसांनी पालक शाळेत आले. पोरांना असलं दगडाच्या काळजाचं शिक्षण देता का, असं त्यांचं म्हणणं होतं. मुख्याध्यापकांनी काकांचे तास बंद केले. मी विरोध केला नाही. खरं म्हणजे माझीही खात्री डळमळली होती. ती जरा पुढे सरकली असती तर, हा विचार मलाही सुटत नव्हता.

दिवसकार्य झाल्यावर काका माझ्याकडे आले आणि मला त्या घरी घेऊन चला म्हणाले. मी नको म्हटलं. ते म्हणाले, मग मी एकटा शोधत जातो. म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले.

पत्र्याची खोली होती. ओंकारचा फोटो मांडलेला, शाळेच्या ओळखपत्रावरचाच मोठा करून घेतलेला. गणराजनं आम्हाला बसायला चटई दिली. तो मान खाली घालून बसला. दिपालीनं काकांना ओळखलं नव्हतं. मी नाव सांगितल्यावर ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुम्हीच का ते? भाऊ असला तरी जायचं नाही म्हणणारे?"

"व्हय," काका म्हणाले. "मीच."

मला वाटलं होतं ते समजावतील, नियम सांगतील. त्यांनी त्या दोन बहिणींचं सांगायला घेतलं. गोधडीचं, मनगटाचं. ते वाईट सांगत होते, अडखळत, मधेच थांबत. दिपाली ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी काय म्हणू? बरं झालं, एकच गेलं?"

काकांनी हात जोडले आणि ते उठले. सावित्रीबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, की आता आलात तसे जा. मी चपला घालत होते तर काका पुढे नव्हते. खोलीच्या बाजूला पाण्याच्या पिंपाशेजारी तनुजा बसली होती. ते तिच्याजवळ जमिनीवर टेकले होते.

त्या दिवसापासून ती शाळेत आली नव्हती, घरातही कुणाशी बोलत नव्हती. काकांशीही बोलेल असं मला वाटलं नाही. पण ती बोलली. जमिनीकडे बघत म्हणाली, "काका, ओढणी छोटी पडली. मोठी असती तर?"

"मोठी असती तर कदाचित पोचली असती," काका म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पर तुझ्याजवळ तेवढीच हुती."

"मग मी गेले असते तर?"

"मग मी आज हितं कुणाशी बोललो असतो?" काका म्हणाले. "बाळा, पाण्याच्या काठावर मी लई पोरांना हाका मारल्यात. नाव इचारून घ्यायचो आन् हाक मारायचो. एकानं बी ओ दिली न्हाई. तू देतीस. तू कायबी चुकली न्हाईस. तुझ्या आईला आज ते दिसत न्हाई, तिला दिसू बी नये आत्ता. तिचं लेकरू गेलंय. पर मी सांगतो, तू चुकली न्हाईस."

तनुजा रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच रडली, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. रडण्याचा आवाज ऐकून दिपाली बाहेर आली. दाराला धरून उभी राहिली. मुलीला जवळ घेतलं नाही, आम्हाला जा म्हणूनही म्हणाली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती तशीच उभी होती.

रस्त्यावर आल्यावर काका मला म्हणाले की झाकणाचं आपण नीट शिकवलं नाही. झाकण लावलेला कॅन तरंगतो हे पोरांना सांगितलं, पण झाकण नसलेली बाटली असली तर तोंडात फडकं कोंबून फेकायची का पिशवीत घालून, हे कुठं सांगितलं? मी म्हटलं, काका, अशानं काय झालं असतं? ते म्हणाले, मला ठाऊक न्हाई. पण ते पुढे कितीतरी महिने हेच बोलत राहिले. अंबूबाईंनी मला फोन करून सांगितलं, की हे अंगणात बादलीत बाटल्या बुडवून बघत बसतात, जेवायला उठत नाहीत. नोकरीत असताना काठावर आणून ठेवलेलं बहुतेक ते तिथंच सोडून यायचे. हे एक ते घरी घेऊन आले होते.

खाणीभोवती पत्रे लागले. उन्हाळा लागेपर्यंत त्यांतले काही कुणीतरी काढून नेले. काका स्वतः जाऊन तिथं काट्याकुट्या टाकून आले, जागेच्या मालकाशी भांडून आले. दुसऱ्या शाळांनीही त्यांना बोलावणं बंद केलं होतं. एका शाळेत मुख्याध्यापिकेनं त्यांना चहा पाजला आणि वर्गावर जाऊ दिलं नाही.

वर्ष संपत आलं तेव्हा दिपाली तनुजाचा दाखला न्यायला शाळेत आली. त्यांनी खोली बदलली होती, आता ते चाकणलाच राहणार होते. तनुजा शेवटचे दोन-तीन महिने वर्गात येऊ लागली होती, पण मैदानावर जायची नाही. दिपाली माझ्या टेबलापाशी उभी राहिली. खूप वाळली होती. काम झाल्यावरही ती गेली नाही.

"ते गृहस्थ येतात का अजून?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, ते बंद झालं.

ती खिडकीतून मैदानाकडे बघत राहिली. म्हणाली की तनुजा आता रात्री तिच्याजवळ झोपते. कधी झोपेत ओरडते, धावा म्हणून. तेव्हा आपण उठून तिला गच्च धरतो आणि धरलेलं असताना मनात ओंकार येतो, राग येतो, आणि मग धरलेले हात सोडवत नाहीत. हे सगळं तिनं एका सुरात सांगितलं, दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलावं तसं.

मग म्हणाली, "मॅडम, माझा राग गेलेला नाही. जाणारही नाही. पण माझ्या घरात एक लेकरू आहे. दुसऱ्यांची पोरं शिकत असतील तर शिकू द्या. माझ्यासमोर मात्र नको."

ती गेल्यावर मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते नव्या वर्षात बघू म्हणाले. संध्याकाळी मी पुनावळ्याला गेले. काका ओट्यावर बसले होते. दिपाली काय म्हणाली ते मी जसंच्या तसं सांगितलं. राग गेलेला नाही, हेही. मला वाटलं होतं त्यांना जरा बरं वाटेल. त्यांनी मान हलवली आणि अंबूबाईंनी आणून दिलेला चहा हातात धरून ठेवला.

"शाळेचं बगू," ते म्हणाले. "पोरगी नीट जेवती का, ते इचारलं का तुमी?"

मी विचारलं नव्हतं. तसं मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. आत अंबूबाईंनी दिवा लावला.